केर गेला कुठे?

केर काढणारा रोबोट घ्यायचा, तोही स्वतःचा डबा स्वतः रिकामा करणारा, असा विचार आपल्यापैकी काही जण करत असतील. गुडघे दुखणाऱ्या आईचे वाकणे त्यामुळे थांबणार असेल, तर अवश्य घ्यावा. कष्ट म्हणजेच साधना, असे काही नाही.

पण एक गोष्ट नीट पाहा. रोबोट चार्जिंगच्या जागी परततो, तेव्हा त्याच्या पोटातला केर बहुतेक यंत्रांत तिथल्या पिशवीत ओढला जातो. काही सेकंद मोठा आवाज, मग सारे शांत. केर घरातच असतो; फक्त काही आठवडे तो आपल्याला दिसत नाही. पिशवी भरली की ती घंटागाडीत जाते आणि तिथे कुणाच्या तरी हाताला लागतेच. (ब्रशात गुंतलेले केस मात्र आपल्यालाच सोडवावे लागतात!)

संत गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. केर त्यांना परका नव्हता. आपल्याला यंत्र हवे आहे ते हात मोकळे व्हावेत म्हणून, की घाण डोळ्यांआड व्हावी म्हणून? स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. आणि इतकी वर्षे झाडलोटीला येणाऱ्या मावशींना काय सांगणार आहात, तेही खरेदीआधीच ठरवा.