शाळेच्या फाटकाची किल्ली

संध्याकाळी सहानंतर आपल्या भागातली कुठलीही शाळा पाहावी. फाटकाला कुलूप, आत मैदान मोकळे, वर्गांत बाके रांगेने उभी. फाटकाबाहेर मात्र भर रस्त्यात विटांचे स्टंप मांडून मुले क्रिकेट खेळत असतात. आपल्या धर्मग्रामातल्या कित्येक घरांत अभ्यासाला कोपराही नाही, हे घरभेटी देणाऱ्यांना ठाऊक आहे. एकाच खोलीत टीव्ही, स्वयंपाक, आजारी आजी आणि दहावीचे पुस्तक. अशा वेळी आम्हांला एक प्रश्न पडतो. तो सोयीचा नसून नीतीचा आहे, असे आम्हांला वाटते : शाळा कोणाची?

इमारत निधीच्या वेळी याचे उत्तर सोपे असते. 'आपली शाळा' म्हणून आपण पावती फाडतो, आजोबांनी विटा वाहिल्याचे अभिमानाने सांगतो. (प्रत्येकाच्याच आजोबांनी वाहिल्या असतील, तर शाळा बरीच मोठी व्हायला हवी होती!) मग शेवटची घंटा झाल्यावर ती आपली का राहत नाही?

हा विचार नवा नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली गरीब मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ती 'अंगणवाडी'. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरांमागे जायची, मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळायच्या. ताराबाईंनी त्यांना आळशी म्हटले नाही. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली, भावंडे सांभाळणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र करून 'विकासवाडी' झाली. घराची अडचण ही शाळेचीच अडचण, असे त्यांनी मानले. १९७५ पासून सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. तिकडे इंग्लंडात केंब्रिजशायरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी १९२४ साली अशीच कल्पना मांडली होती. १९३० साली सॉस्टन गावी ती उभी राहिली : दिवसा मुले, संध्याकाळी त्याच इमारतीत मोठी माणसे.

ख्रिस्तसभेचे म्हणणेही वेगळे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात आईवडिलांना मुलाचे पहिले शिक्षक मानले, आणि शाळा हे कुटुंबे, शिक्षक, संस्था व सारा समाज मिळून चालवण्याचे केंद्र आहे, असे सांगितले. आता आपले चित्र पाहा. आई शाळेत केव्हा येते? फी भरायला, निकाल घ्यायला किंवा तक्रार ऐकायला. धुणीभांडी आटोपून धावतपळत आलेली बाई पालकसभेत मागच्या बाकावर बसते आणि न कळणारे इंग्रजी भाषण ऐकून घरी जाते. तिला आपण पहिली शिक्षिका म्हणतो आहोत!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले. खाजगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना द्यायला लावल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा निर्णय दिला. आपल्या शाळांची ओळख टिकावी म्हणून त्याचे महत्त्व आम्ही जाणतो. पण कायद्याने सूट दिली म्हणून शेजाऱ्याचे देणे फिटत नाही. शब्बाथाबद्दल प्रभूने परुशांना जे ऐकवले, ते शाळेच्या नियमांनाही लावून पाहावे.

हरकती आहेत आणि त्या खऱ्या आहेत. शिक्षकांच्या माथी जनगणना आणि निवडणुकीची कामे आधीच असतात. हे काम त्यांच्यावर लादणे हा अन्यायच होईल. दुसरी हरकत अधिक गंभीर : फाटक उघडले की आत कोणीही येईल. मुलांची सुरक्षितता ही सबब नव्हे. त्यामुळे ज्यांची नावे नोंदलेली आहेत अशाच दोन प्रौढ व्यक्ती, त्यांतली एक स्त्री, सतत हजर असल्याशिवाय एकही वर्ग उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र, पुराच्या वेळी याच शाळांत आपण अनोळखी कुटुंबांना आसरा देतो, तेव्हा व्यवस्था जमते. पाणी ओसरले की ती अशक्य का व्हावी?

सुरुवात मोठी नको. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, सहा ते आठ, दोन वर्ग : एकात मुलांचा अभ्यास, दुसऱ्यात आयांना बँकेचे, रेशनचे, दाखल्यांचे अर्ज भरायला मदत. निवृत्त शिक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. विजेचे बिल, झाडलोट आणि किल्लीची जबाबदारी धर्मग्रामाने उचलावी, शाळेवर टाकू नये. मूल कॅथलिक आहे की नाही, आपल्या शाळेतले की जिल्हा परिषदेच्या, हे नोंदवहीत लिहायची गरज नाही. नाव, घरचा फोन आणि त्याला न्यायला कोण येणार, एवढे पुरे.