पेनकेस घेण्याआधी

आज काही विकत घ्यायचं नाही. अर्धा तास मोकळा काढा, फोन उलटा ठेवा आणि एक टेबल रिकामं करा. टेबल नसेल तर जमिनीवर पंचा अंथरला तरी चालेल. लिहिण्याशी संबंध असलेलं जे जे रोज तुमच्याबरोबर घराबाहेर पडतं, ते पिशवीतून, खिशातून, दप्तराच्या तळातून काढून तिथे ठेवा. पेनं, पेन्सिल, खोडरबर, वाळलेला हायलायटर, कुणाचं तरी चुकून आलेलं बॉलपेन, वही, घडी घातलेल्या पावत्या, आधार कार्डाच्या झेरॉक्स. लावू नका, निवडू नका. नुसतं काढा.

आणि बघत बसा.

एकेका वस्तूवर नजर थांबू द्या. हिला शेवटचा हात कधी लागला, एवढंच आठवा. काही वस्तूंकडे हात आपोआप जाईल. काही मात्र कधीतरी लागतील म्हणून वर्षभर नुसत्या फिरत असतात. थोड्या वेळाने आपसूक दोन ढीग पडतात. एक लिहिणाऱ्या माणसाचा, दुसरा ‘असू दे बरोबर’ म्हणणाऱ्या माणसाचा. बाजारातल्या बहुतेक भल्यामोठ्या केसेस या दुसऱ्या माणसासाठी शिवलेल्या असतात. 24 खणांची केस पेनं जमवणाऱ्याच्या कपाटात शोभते. रोज बाहेर पडणाऱ्याला तीन पेनांची पुरते, पाचांची म्हणजे चैन. हे माझं मत झालं. तुमचा ढीग वेगळं सांगत असेल तर ढिगाचं ऐका.

आता पहिल्या ढिगातलं एकच पेन उचला. शाईपेन असेल तर उत्तम. टोपण लावलेलं असू द्या. ते तळहातावर आडवं ठेवा, त्याचं वजन जाणवू द्या. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून सगळ्यात जाड जागा शोधा. रोजच्या वापरातली पुष्कळ शाईपेनं 12 ते 14 मिलिमीटर जाडीची असतात. आपल्याकडे लेथवर कातलेली एबोनाइटची पेनं याहून सहज जाड भरतात. केसचे खण मात्र बहुधा सडपातळ बॉलपेन गृहीत धरून शिवलेले असतात. म्हणून दुकानात जाल तेव्हा पेन बरोबर न्या. चप्पल घ्यायला आपण पाय घरी ठेवून जात नाही.

पेन खणात सरकवा आणि बाहेर काढा, अगदी सावकाश. टोपण नुसतं दाबून बसणारं असेल आणि खण घट्ट असेल, तर टोपण हातात येतं आणि उघड्या निबेसकट पेन आतच राहतं. खणाची कड जाड असेल आणि क्लिप तिच्यावर चढवावी लागत असेल, तर क्लिप हळूहळू फाकते. खण फार सैल असेल तर केस उलटी होताच पेनं बाहेर डोकावू लागतात. गुंडाळी करून बांधायच्या केसमध्ये वरून दुमडायची झडप नसली की हेच होतं. पेन काढताना हाताला किंचित अडल्यासारखं वाटावं, ओढावं लागू नये. हा अंदाज फोटोवरून येत नाही.

आता सध्या वापरता तो पाऊच घ्या. दोन पेनं आत टाका, चेन लावा, डोळे मिटा आणि पाऊच कानाशी धरून हळूच हलवा. जी बारीक टकटक ऐकू येते, ती एका पेनाची धातूची क्लिप दुसऱ्याच्या अंगावर आपटल्याची. लोकलमध्ये, एसटीत, स्कूटरच्या डिकीत ही टकटक दिवसभर चालू असते. गर्दीच्या आवाजात ती कानावर येत नाही इतकंच. पेनाला केसकडून सगळ्यात आधी हवं असतं ते शेजारच्या पेनापासून अंतर. त्याला लोखंडी डबा लागत नाही, मऊ कापडाचा एक पडदा पुरतो.

डिकीचा विषय निघालाच आहे तर तिथे क्षणभर थांबू. शाईपेनात शाई जितकी कमी, तितकी हवा जास्त. मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ही हवा तापते, फुगते आणि शाईला निबेकडे ढकलते. निब खाली असेल तर शाई टोपणात उतरते. निब वर असेल तर हवाच बाहेर पडते आणि शाई जागेवर राहते. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाईची जागा मोठी, म्हणून निम्मं रिकामं झाल्यावर त्याला हा त्रास अधिक. तेव्हा स्वतःला विचारा, माझी केस पिशवीत उभी राहते का? वरची बाजू कुठली, हे न बघता हाताला कळतं का? आडवी पडणारी देखणी केस बॉलपेनवाल्याने खुशाल घ्यावी. शाईपेनवाल्याने दहादा विचार करावा.

आता चेन. उघडा, लावा, पुन्हा उघडा. घाई नको. एका हाताने उघडते का? कोपऱ्यावर अडखळते का? रनर उलटा करून त्याच्या पाठीवर बघा. बऱ्याचदा तिथे 3 किंवा 5 असा आकडा कोरलेला असतो. चेन लागल्यावर दातांची रुंदी साधारण किती मिलिमीटर भरते, ते हा आकडा सांगतो. छोट्या पाऊचना तीन नंबरची चेन सर्रास लावतात. रोज अनेकदा उघडायची असेल तर मी पाच नंबरची धुंडाळतो. धातूच्या दातांची चेन रुबाबदार दिसते, पण आतल्या बाजूने तिला कापडाची पट्टी नसेल तर प्रत्येक वेळी काढताना पेन त्या दातांना घासून बाहेर येतं.

डोळे पुन्हा मिटा आणि शिवणीवरून बोट फिरवा. कोपऱ्यापाशी बोट आपोआप थांबेल, तिथे थोडं रेंगाळा. टीप तिथे दाट झाली आहे का, उलटी फिरवून पक्की केली आहे का, की दोऱ्याचं टोक नुसतं जाळून चिकटवलंय? मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाकेही सैल पडू लागतात. चामड्यावर हाताने घातलेल्या पक्क्या टाक्यात एकाच दोऱ्याची दोन टोकं दोन सुयांनी प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात. तो टाका एका जागी तुटला तरी शेजारचे धरून राहतात. हे काम सावकाश होतं, म्हणून महाग. महागाचं कारण बोटाला लागत असेल तर पैसे द्यावेत, नुसतं छापील नावात असेल तर देऊ नयेत.

चामड्याचं म्हणाल तर ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर फार विसंबू नका. चामड्याचा वरचा मजबूत थर काढून घेतल्यावर खाली उरलेल्या थरालाही तो शिक्का चालतो. आपल्याकडे चांगल्या चामड्याची ओळख सोपी आहे, कारण कोल्हापुरी पायताण बहुतेकांनी हाताळलेलं असतं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं ते चामडं जाड, ताठ असतं, वापरागणिक काळवंडत जातं आणि त्याला एक उग्र वास असतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या कारागिरांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. तशाच वनस्पतीने कमावलेल्या चामड्याची पेनकेस मिळाली तर ती पुष्कळ वर्षं साथ देते. पण तिला पावसाळा मानवत नाही. पाण्याचे डाग पडतात, बंद कपाटात बुरशी धरते, पितळी बटण असेल तर त्याभोवती हिरवा थर जमतो. कोकणात, मुंबईत राहणाऱ्याने चार महिने जाड कॅनव्हास वापरावा हे बरं. रेक्झिनसारख्या दिसणाऱ्या पीयू-लेदरवर मात्र दमट हवेत काही वर्षांतच पापुद्रे सुटतात. तेव्हा अस्तर तेवढं ठणठणीत उरतं आणि काळे कपचे वहीवर पडत राहतात.

पेनं बाजूला ठेवा आता. कागद उरले आहेत, आणि खरं तर त्यांच्यापाशी जास्त वेळ बसायला हवं. पेन हरवलं तर दुसरं मिळतं.

कागद जपण्याची एक जुनी रीत पुण्यातल्या पेशवे दफ्तरात दिसते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड छापून निघाले. तिथल्या मोडी कागदांची गठडी कापडात बांधून ठेवतात, तिला रुमाल म्हणतात. मनातल्या मनात असा एक रुमाल समोर ठेवा. गाठ सोडा, कापडाची टोकं चारी बाजूंना पसरू द्या. रुमालाला स्वतःचा आकारच नाही. दहा कागद असले तर तो दहांचा होतो, शंभर झाले तर शंभरांचा. आखूड चिठ्ठी आणि लांब यादी दोन्ही त्यात मावतात. कापड विटलं तर बदलता येतं, कागदाला धक्का लागत नाही. त्यात हवा खेळते. आणि उघडल्याबरोबर सगळं एकदम नजरेसमोर येतं; चिमटा, दांडी, भोक काही नाही.

आता त्याच नजरेने आपल्या फायलीकडे बघा. बहुतेक फायली ए-4 म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटरचा कागद धरून केलेल्या. पण घरात जुनी गुणपत्रकं त्याहून मोठी, मुद्रांकाचे कागद लांब, आजोबांचा सातबारा वेगळ्याच मापाचा. साधा ए-4 कागदसुद्धा प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातला की पाकीट कागदापेक्षा रुंद असल्यामुळे फाईलबाहेर डोकावतं आणि कडा मुडपतात. म्हणून फोल्डर घेताना तुमच्याकडचा सगळ्यात मोठा कागद न्या, आणि तो चारी बाजूंनी बोटभर आत राहतो का बघा. कागदाला खाली ताठ पुठ्ठा हवा आणि कडांना मोकळीक. कोब्रा फाईलचा चाप ऑफिसच्या कामाला ठीक, मूळ दाखल्याला कधीही नको.

एक जुनं दुखणं तुम्हालाही ठाऊक असेल. वर्षानुवर्षं मऊ, चकचकीत प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवलेली झेरॉक्स ओढायला जावं, तर कागद फाईलला चिकटलेला आणि अक्षरं कागदावरून उठून प्लास्टिकवर आलेली. असं मऊ प्लास्टिक पीव्हीसीचं असतं. ते मऊ राहावं म्हणून घातलेली रसायनं बाहेर झिरपतात आणि झेरॉक्सची शाई, म्हणजे टोनर, विरघळवतात. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं याबाबतीत निर्धोक. ती किंचित धुरकट दिसतात, हाताला कोरडी लागतात आणि त्यांना नव्या पावसाळी चपलेसारखा वास येत नाही. दुकानात कुणी बघत नसताना फाईल नाकाशी धरून बघा. उग्र वास आला तर खाली ठेवा.

टेबलावरचा पहिला ढीग पुन्हा एकदा बघा. तो मापात मावेल एवढीच केस, सगळ्यात मोठा कागद न दुमडता राहील एवढाच फोल्डर. रंग शेवटी.

आणि चेन लागत नाही म्हणून जुनी केस टाकायला निघाला असाल, तर आधी तिचे दात तपासा. ते शाबूत असतील तर दोष बहुधा झिजून फाकलेल्या रनरचा असतो. पक्कडीने तो दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून बघा, बरेचदा तेवढ्यानेच दात पुन्हा जुळतात. नाही जुळले तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. नवा रनर बसवणं हे त्याचं रोजचं काम आहे.