सही न करणारा पक्षकार

करार म्हटला की दोन पक्ष आले, दोघांच्या सह्या आल्या आणि दोघांचा स्वार्थही आला. परंतु ज्याच्या हितासाठी करार करावयाचा तोच सही करावयास हजर नसेल तर? इमारतीचा पाया खणण्यापूर्वी जमिनीखालील प्राचीन अवशेषांचे उत्खनन करून घेण्यासाठी जे करार होतात, त्यांत नेमके हेच घडते. जागेचा मालक सही करतो, उत्खनन करणारी संस्था सही करते. ज्यांचे ते अवशेष, ते केव्हाच गेले; ज्यांना त्यांतून काही शिकावयाचे, ते अद्याप जन्मास यावयाचे आहेत.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न १९८९ साली ऐरणीवर आला. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर एका कचेरीच्या जागी १५८७ साली बांधलेल्या ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष सापडले. शेक्सपिअरची नाटके जेथे झाली ती ही जागा. नटांनी व नागरिकांनी निदर्शने केली आणि अखेर इमारतीचा आराखडा बदलावा लागला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, सरकारने मार्गदर्शिका काढली. तिचा आशय असा, की महत्त्वाचे अवशेष शक्यतो जागीच राखावेत; ते शक्य नसेल तर त्यांचे उत्खनन व नोंद व्हावी आणि त्याची तजवीज बांधकाम करणाऱ्याने करावी. त्यातून उत्खनन हा व्यवसाय झाला, निविदा आल्या. २००४ साली तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या नावाने पुरातत्त्वीय तपासासाठी स्वतंत्र प्रमाणित करारनामाच प्रसिद्ध झाला.

यावर आक्षेप सोपा आहे. जो पैसे देतो त्याला काहीच न सापडणे सोयीचे असते. ज्याची निविदा कमी त्याला काम मिळते. शिवाय उत्खनन डोळ्यांना दिसते, पण त्याचे फळ म्हणजे अभ्यास व अहवाल. तो इमारत उभी राहिल्यावर येतो. तेव्हा मालकाची निकड संपलेली असते. भूतकाळाविषयीचे कर्तव्य अशा रीतीने विकत घ्यावयाची वस्तू ठरत नाही काय?

आक्षेप खरा आहे. परंतु पर्याय कोणता, हेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे नागार्जुनसागर धरणापूर्वी, १९५४ ते १९६० या काळात, शासनाने नागार्जुनकोंड्याचे विस्तृत उत्खनन केले आणि निवडक वास्तू बुडिताबाहेर हलवून उभारल्या. हैदराबादकडील वाचकांपैकी अनेकांनी ते बेटावरील संग्रहालय पाहिले असेल. पण एवढे भाग्य प्रत्येक पायाच्या खड्ड्यास लाभत नाही. सरकारी बांधकामांवर आयुष्य काढलेल्यास हे सांगावे लागत नाही, की खणताना घडीव दगड किंवा खापरे निघाली तर मुकादमाच्या मनात इतिहास नव्हे, मुदत येते. सापडलेली वस्तू सरकारची, असे कलम करारात असते. परंतु कळविल्यावर काम थांबेल, त्याचा भुर्दंड कोण सोसणार? तो ठेकेदारावरच पडणार असेल, तर मौन स्वस्त आणि सत्य महाग होते. दगड काँक्रीटखाली जातो आणि कोणीही खोटे बोललेले नसते.

‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय करारनाम्याच्या १९९९च्या आवृत्तीत म्हणूनच ठेकेदारास अशा प्रसंगी मुदतवाढ व झालेला खर्च मागण्याचा हक्क दिला आहे. कलम रुक्ष आहे, पण त्यात नीती आहे. ते कोणाला सद्गुणी बनवीत नाही. प्रामाणिकपणा परवडेल एवढेच करते. सद्गुण केवळ असामान्यांनाच पेलावा अशी व्यवस्था उभारून सामान्यांना दोष देणे, हा अन्यायच होय.

लंडनमध्येच २०१० ते २०१४ या काळात एका कंपनीच्या इमारतीपूर्वी झालेल्या उत्खननात चारशेहून अधिक रोमन लेखनफलक मिळाले. त्यांपैकी एक इ. स. ५७च्या ८ जानेवारीचे कर्जपत्र आहे: तिबुल्लस नावाचा मुक्त झालेला गुलाम मालाच्या किमतीपोटी १०५ दिनारांचे देणे मान्य करतो. त्याचा शब्द साडेएकोणीस शतके टिकला.

उत्खननाच्या कराराची कसोटी म्हणून मी एकच मानतो. अहवाल व वस्तूंचे जतन यांसाठीचा पैसा काम सुरू होण्यापूर्वीच वेगळा ठेवला आहे काय? ठेवला असेल, तर सही न केलेल्या पक्षकाराचा विचार झाला आहे. नसेल, तर तो करार केवळ खोदाईचा आहे.