पाण्याची पाळी

अरबस्तानचे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे वाळू उभी राहते. परंतु ही वाळू अनादी नाही. उत्तर सौदी अरेबियातील नफूद वाळवंटात अल-असर नावाचे एक आटलेले सरोवर आहे. त्याच्या तळात २०१७ साली शेकडो पाऊलखुणा आढळल्या. त्यांत हत्तींच्या आहेत, उंटांच्या आहेत आणि काही माणसांच्याही. एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वी ओल्या चिखलात त्या उमटल्या. तेथे दगडी हत्यारे मिळाली नाहीत, हाडांवर कापल्याच्या खुणाही नाहीत. ती माणसे बहुधा तहान भागवण्यासाठी थांबली व पुढे गेली. एकाच काठावर माणूस आणि जनावर पाणी प्याले.

पृथ्वीची कक्षा व तिच्या आसाची स्थिती हजारो वर्षांच्या अंतराने बदलते. त्यामुळे उन्हाळ्यातील सूर्यताप वाढला की मोसमी पाऊस उत्तरेकडे सरके, कुरणे पसरत, सरोवरे भरत. पाऊस मागे फिरला की सारे ओसाड होई. असा शेवटचा ओला काळ सुमारे १०,००० ते ६,००० वर्षांपूर्वीचा. अंतिम घटकेपूर्वी अरबांची भूमी पुन्हा कुरणांची व नद्यांची होईल, या आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. त्यातील ‘पुन्हा’ या शब्दाने आपण हरखून जातो. पण हरखणे म्हणजे बोध घेणे नव्हे.

येथे कोणी विचारील, हवामान जर मुळातच बदलते आहे, तर दोष माणसाला का? आजची तापमानवाढ प्रामुख्याने माणसाने जाळलेल्या कोळशा-तेलामुळे आहे, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. पण क्षणभर ते बाजूला ठेवले, तरी प्रश्न सुटत नाही. पाऊस कोठे पडावा हे आपल्या हाती नाही; पडलेला पाऊस कसा वाटावा हे मात्र आहे. जाब त्याचाच द्यावा लागेल.

पवित्र कुरआनातील समूद लोकांची कथा याच वायव्य अरबस्तानातली. ईशप्रेषित सालेह (अ.) यांच्या सांडणीला पाणी पिण्याचा एक दिवस, लोकांना एक दिवस, अशी पाळी अल्लाहने ठरवून दिली होती. त्यांची कसोटी दुष्काळाने घेतली गेली नाही; वाटणीने घेतली गेली. एका मुक्या जनावराचा वाटा त्यांना सोसवला नाही. त्यांनी सांडणीला ठार केले आणि ते नष्ट झाले. पुढे तबूकच्या वाटेवर प्रेषित मुहम्मद (स.) तेथून गेले, तेव्हा त्यांनी सहाबांना समूदच्या विहिरींचे पाणी टाकून द्यायला लावले आणि सांडणी जिथे पाणी पीत असे, त्याच विहिरीतून भरून घ्यायला सांगितले.

आता अलीकडचे पाहा. ओल्या युगांत मुरलेले पाणी त्या वाळवंटाखाली हजारो वर्षे साठून होते. १९८० च्या दशकात ते उपसून तेथे गहू पिकवला गेला, इतका की तो निर्यात होऊ लागला. साठा खालावत गेला आणि २००८ मध्ये सरकारला ही शेती टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय घ्यावा लागला. हजारो वर्षांचे पाणी दोन-तीन दशकांत मोठ्या प्रमाणात संपले. त्यात पुढच्या पिढ्यांची पाळी होती. त्या पिढ्या तक्रार करायला अजून जन्मल्याही नव्हत्या, जशी ती सांडणी बोलू शकत नव्हती.

दरवर्षी आणखी खोल बोअरवेल घेणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला हे परके वाटू नये. प्रेषित (स.) एका मुद्दने, म्हणजे जेमतेम लिटरभर पाण्याने वुजू करीत. आपल्या मशिदीतला नळ मात्र मसह करतानाही वाहतच असतो. पाणी आपल्याला मालकीने नव्हे, अमानत म्हणून मिळाले आहे. आपली पाळी संपली की नळ बंद करणे, हाही त्या अमानतीचाच भाग आहे.