मोएका

‘कात टाकली’ म्हणजे आपल्याकडे झळाळी आली. गाव कात टाकतं, दुकान कात टाकतं. कात टाकल्यावर अंगाला स्पर्शही सोसत नाही, हे त्या वाक्प्रचारात कुठे उरलेलं नाही. खेकड्याला विचारून तो घडवला असता तर गोष्ट वेगळी होती.

व्हेनिसच्या खाजणासारख्या उथळ पाण्यात बुरानो नावाचं बेट आहे. तिथे एक म्हातारा कोळी नातवाला खेकडे निवडायला शिकवत होता. वसंतात आणि शरदात तिथले लहान हिरवे खेकडे कात टाकतात आणि तेवढ्यापुरते नखशिखांत मऊ होतात. नवं कवच काही तासांत घट्ट होतं. त्याआधी पाण्याबाहेर काढला तरच खेकडा मऊ राहतो. म्हणून निवड आधीच करायची. ‘बोनी’ म्हणजे चांगले, काही दिवसांनी कात टाकणारे. ‘स्पियान्तानी’ म्हणजे आज-उद्याचे. जे या हंगामात कात टाकणारच नाहीत, त्यांना कोळी सरळ ‘वेडे’ म्हणतात आणि पाण्यात सोडून देतात.

पोराला नेमका एक वेडाच आवडला. दगडासारखी पाठ, दणकट नांग्या. आजोबांची पाठ वळताच त्याने तो आज-उद्याच्या पेटीत टाकला. फळ्यांची ती पेटी रात्रभर पाण्यात लोंबत राहिली.

सकाळी पेटी वर ओढली, तर आत चिंध्या. रात्री ज्यांनी कात टाकली, त्यांना त्या मोठ्या वेड्याने फाडून खाल्लं होतं. एकच कोपऱ्यात वाचला होता. आजोबांनी तो पोराच्या तळहातावर ठेवला. उकडलेल्या अंड्यासारखा.

“हा मोएका,” ते म्हणाले. “आधी मोलेका म्हणत. लॅटिनमध्ये मऊ म्हणजे मोल्लिस, त्यातून आलं. बोलता बोलता आपल्या लोकांनी मधला ‘ल’ही गिळला.”

“पण व्हेनिस शहरातल्या भिंतीवरच्या सिंहालाही मोएकाच म्हणतात ना?”

“म्हणतात. समोर तोंड केलेला सिंह, दोन्ही पंख डोक्याभोवती मिटलेले. पाण्यातून वर येणारा. कुणाला तरी त्यात नांग्या उभारलेला खेकडा दिसला. कोळीच असणार, दुसऱ्या कुणाला दिसतोय!”

“व्हेनिसच्या सरकारचं चिन्ह असलेल्या सिंहाला मऊ खेकडा म्हणायचं? कुणी रागावलं नाही?”

“नाव टिकलं बघ. ते सरकार 1797 मध्ये नेपोलियनने बुडवलं, नाव अजून आहे.” म्हाताऱ्याने चिंध्या पाण्यात झटकल्या. पोराला वाटलं, आता विचारणार. एक खोटं त्याने जिभेवर तयार ठेवलं होतं: वेडा आपोआप शिरला असेल.

आजोबा खाली बसले. “काल झोपण्याआधी पेटी एकदा बघायला हवी होती. रोज बघतो. काल कंटाळा केला. चुकलं माझं.”

पोर गप्प. साठ वर्षं या पाण्यात काढलेला माणूस आपल्यापुढे असं बोलतो, हे त्याला झेपेना. तळहातावरचा खेकडा हळूच हलला.

“तो मोठा मी टाकला होता,” पोर म्हणालं. आवाज फाटला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, मग त्याने पुसलेच नाहीत.

आजोबांनी वेड्याला मागून धरलं आणि पाण्यात सोडलं. मग आजची करंडी नातवापुढे सरकवली.

“निवड,” ते म्हणाले, आणि स्वतः जाळं विणायला घेतलं.