रक्त, नाव आणि कर्तेपण

दुष्टपणा वारशाने येतो काय, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. ‘खाण तशी माती’ ही म्हण त्याला तयार उत्तर पुरवते. कथावाङ्मय हे उत्तर कधी वापरते, कधी तपासते. ‘बॅटमॅन बियाँड’ (१९९९-२००१) ही अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिका आणि तिच्यावर आधारलेला ‘रिटर्न ऑफ द जोकर’ (२०००) हा चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. भविष्यकाळातील गोथम शहरात जोकरचा वेश मिरवणारी गुंडांची एक टोळी आहे. तीत डेलिया आणि डीड्रा डेनिस या जुळ्या बहिणी आहेत. टोळीत दोघींना मिळून एकच नाव आहे : डी डी.

चित्रपटाच्या अखेरीस त्यांना जामिनावर सोडवायला त्यांची आजी येते आणि नातींवर करवादते. ही म्हातारी म्हणजे जोकरची एके काळची साथीदार हार्ली क्विन, हे नातींच्या उलट उत्तरातून कळते. प्रेक्षक हसतो आणि मनाशी म्हणतो, ‘म्हणूनच!’ खरी अडचण या ‘म्हणूनच’मध्ये आहे. नाते उघड होईपर्यंत बहिणींची कृत्ये त्यांची स्वतःची होती. नाते कळताच ती रक्ताची होतात. स्पष्टीकरण हाती लागते, कर्तेपण निसटते.

या स्पष्टीकरणाविरुद्धचा पुरावा मात्र चित्रपटातच आहे. पहिला खुद्द आजीचा. जी स्वतः त्या वाटेने गेली होती, तीच आता नातींना दटावते. खाणच बदलू शकत असेल, तर मातीचे भवितव्य अटळ कसे मानावे? दुसरा पुरावा टिम ड्रेकचा. टिम हा एके काळचा रॉबिन. जोकरने त्याचा अनन्वित छळ केला आणि आपली जाणीव साठवलेली एक चिप त्याच्या मानेत बसवली. अनेक वर्षांनी तीच जाणीव टिमच्या देहाचा ताबा घेते. येथे दुष्टपणा अक्षरशः देहात रोवलेला आहे. तरीही आपण टिमला दोषी धरत नाही, कारण त्याला निवड करण्याची मुभाच नव्हती. डी डी भगिनींना ती होती. दोष ठरतो तो या मुभेवरून, रक्तावरून नव्हे.

तथापि संहितेवरही एक आक्षेप घ्यावा लागतो. निवड खरी होती, याचा उत्तम साक्षीदार जुळे भावंडच होऊ शकते : तेच रक्त, तेच घर, पण निर्णय वेगळा. ही शक्यता चित्रपट आजमावत नाही. वेश एक, नाव एक, कृती एक. डेलियाचे असे काही डीड्राहून निराळे राहत नाही. ज्या दोघींना वेगळे ओळखताच येत नाही, त्यांचा अपराध वेगवेगळा मोजायचा कसा? दोघींना एका नावात कोंबण्याची ही सोय विनोदाला पोषक असली, तरी नैतिक निवाड्याला मारक आहे.

रक्ताच्या नावाने दिलेला दोष अन्याय्यच. पण त्याच नावाने दिलेली माफीही माणसाकडून त्याची कृती हिरावून घेते. डेलिया आणि डीड्रा यांना दोषी ठरवायचे असेल, तर आधी त्यांना दोन माणसे मानावे लागेल. कदाचित त्यांच्याबाबतीतला पहिला न्याय तोच असेल.