ओटा

कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे जाणाऱ्या वाटेवर एका तरुण इंजिनिअरनं वडिलोपार्जित घर उतरवायला काढलं. घर काळ्या दगडाचं, चिखलात रचलेल्या हातभर जाड भिंतींचं, वर माळवद. गळतं म्हणून मातीवर माती चढत गेलेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडे भूकंपात अशीच घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हापासून त्याच्या आईला त्या छपराखाली धड झोप नव्हती.

पोरानं नकाशा काढला उघड्या विटांचा. विटा उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी सोडायची. लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रीत. विटा जवळपास चौथ्या हिश्शानं वाचतात, भिंत कमी तापते. जोत्यावर आणि दाराच्या माथ्यावर सळयांचे काँक्रीट पट्टे.

गल्ली बिथरली. समोरच्या काकू तर रोज ऐकवायच्या, "दगडाच्या घरांत ही लाल भिंत? जुन्या गल्लीची कळाच गेली की!" पोरगं नमलं. वरून दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स लावू म्हणाला.

म्हातारे गवंडी आप्पा भडकले. "विटेची लाज वाटती तर विटेनं बांधतो कशाला?" त्यांनी त्याला थेट तेरला नेलं. सातवाहनकाळी तगर म्हणून नावाजलेलं हे व्यापारी गाव. तिथलं त्रिविक्रम मंदिर विटांचं, पाठीमागून अर्धगोल. अनेक अभ्यासक ते मूळचं बौद्ध चैत्यगृह मानतात. पोरगं बराच वेळ सांध्यांवरून बोट फिरवत राहिलं. मराठवाड्याला वीट काही काल-परवा कळलेली नाही.

परतल्यावर आप्पांनी त्याच्या हाती टेप दिला. "आता गल्ली मोज." जोती सगळी गुडघ्याच्या वर, दारं वाटेकडे, आणि प्रत्येक दारापुढं ओटा. पोरानं स्वतःचा नकाशा उघडला. ओट्याच्या जागी गाडीचा उतार आणि पुरुषभर उंच लोखंडी फाटक.

"आप्पा, गाडी कुठं लावू?"

"ते तू बघ. वीट खपंल इथं. फाटक नाही खपायचं. पौर्णिमेला दिंडीतली माणसं टेकायची कुठं?"

टाइल्स रद्द झाल्या, फाटकही. शेजारच्या जोत्याच्या रेषेत शहाबादी फरशीचा लांब ओटा आला. पोकळ भिंत कुणी लाथेनं तोडील, अशी कुजबुज मात्र वर्षभर चालली. गवंडीकामातलं ज्ञान गल्लीत फार स्वस्त असतं.

कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत ओटा भरून गेला. कुणी पाठ टेकली, कुणी भाकरी सोडली, एका बाईनं लेकराला तिथंच निजवलं. भिंत कशाची आहे, हे कुणी विचारलं नाही.

काकूंचं मत आजही बदललेलं नाही. लाल रंग डोळ्यांत खुपतोच म्हणतात. पण पुढच्या यात्रेला माहेरची माणसं आली, तेव्हा त्यांना बसायला त्यांनी समोरचा ओटा दाखवला. विचारलंसुद्धा नाही.